स्वतःचं ताट घासणारा मुलगा

गेले अकरा दिवस भीमाशंकर जेवण झालं की स्वतःचं ताट स्वतः घासून ठेवतो आहे. दुसऱ्या एखाद्या आईला याचं कौतुक वाटलं असतं. मला झोप येत नाही.

कारण सांगते. तो पाच वर्षांचा होता तेव्हा यांचं गजराचं घड्याळ त्याने उघडून पाहिलं. आतली स्प्रिंग उडाली ती कुठे गेली ते आजतागायत कळलं नाही. तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं. दुपारी हा मुकाट्याने जेवला, उठला, आणि मोरीत बसून आपलं ताट घासायला लागला. ताट त्याच्यापेक्षा थोडंच लहान होतं. मला हसू आलं होतं. संध्याकाळी यांनी घड्याळाला किल्ली द्यायला घेतली तेव्हा हसू गेलं.

दुसऱ्यांदा ताट घासलं ते शेजारच्या नागम्माचा रेडिओ बंद पडला तेव्हा. तिसऱ्यांदा, पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षी. एका विषयात नापास झाल्याचं त्याने महिनाभर दडवलं होतं, आणि महिनाभर माझी मोरी चकचकीत होती. भीमाशंकर खोटं बोलत नाही. मारलं असतं तरी बोलला नसता. तो गप्प बसतो, आणि गप्प बसण्याला तो खोटं समजत नाही. त्याच्या स्वभावातली ही एक गाठ मला आई म्हणून कधी सोडवता आली नाही.

म्हणजे ही चौथी वेळ आहे. या वेळी काय मोडलं आहे ते त्याने मला सांगितलेलं नाही.

आता तो चोवीस वर्षांचा आहे. उंच, थोडा पोक काढून चालणारा. शर्टाच्या खिशात सतत स्क्रू ड्रायव्हर, त्यामुळे त्याच्या एकाही शर्टाचा खिसा धड नाही. उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तारा कथलाने डाखायच्या, म्हणजे जोडायच्या, गरम सळीने भाजून टणक झाली आहेत, गरम भाकरी तो त्याच बोटांनी मोडतो. माणसांशी बोलताना खाली बघतो आणि यंत्रांशी बोलताना नीट समोर बघतो. यंत्रांशी तो बोलतो हे मी ऐकलं आहे. घरातला पंखा दुरुस्त करताना त्याला म्हणत होता, "थांब की जरा, घाई कसली?"

यंत्रांचं हे वेड यांच्याकडून आलं असावं. हे तीस वर्षं तार ऑफिसात होते, गेल्या वर्षी निवृत्त झाले. मधल्या खोलीतला काळा फोन त्या नोकरीतूनच मिळालेला. तार ऑफिसातला एक रिवाज हे नेहमी सांगायचे. तारेत आकडे असले, की मजकूर संपल्यावर तेवढेच आकडे पुन्हा पाठवायचे. पलीकडच्याने दोन्ही ताडून पाहायचे, मगच तार कागदावर उतरवायची. अक्षर चुकलं तर माणूस अंदाजाने वाचतो, आकडा चुकला तर कुणाला कळतही नाही. एकदा यांच्या हातून एका तारेत तारखेचा आकडा चुकला, तो पुन्हा पाठवायचा राहिला होता. चूक लक्षात आल्यावर हे सायकलवरून त्या माणसाच्या घरी गेले, चूक सांगितली, आणि परत येऊन साहेबासमोर स्वतःच्या नावाने लेखी कबुली दिली. भीमा तेव्हा सात-आठ वर्षांचा होता. ही गोष्ट तो शंभरदा ऐकत मोठा झाला.

डिप्लोमा झाल्यावर त्याला इथल्याच एका कापड गिरणीत नोकरी लागली, रंगखात्यात. तिथे सूत रंगवतात, मग त्याच्या चादरी होतात. गेल्या डिसेंबरात, म्हणजे अठ्ठ्याहत्तर सालच्या अखेरीस, गिरणीने रंगाच्या टाक्यांसाठी जर्मन बनावटीचा एक कंट्रोलर आणला. लोखंडी कपाटाएवढं यंत्र. टाकीतलं पाणी किती तापलं ते बघून वाफेचा व्हॉल्व्ह ते आपणच उघडतं आणि बंद करतं. पुढच्या बाजूला प्रत्येक टाकीसाठी एक काटा आहे, त्यावर तापमान दिसतं. हे झालं रंगखात्यात. मॅनेजरसाहेबांना मात्र तापमान आपल्या ऑफिसात बसून हवं होतं. ऑफिस तिथून दोनशे पावलं लांब.

ते काम भीमाशंकरला मिळालं. कंट्रोलरच्या पाठीमागे एक तोंड असतं, तिथून आकडे बाहेर पडतात. तिथून त्याने ऑफिसापर्यंत दोन तारा ओढल्या आणि ऑफिसात एक जुना टेलिप्रिंटर बसवला. दर पाच मिनिटांनी तो टेलिप्रिंटर खडखड करतो आणि कागदाच्या गुंडाळीवर छापतो, टाकी नंबर अमुक, तापमान तमुक. काम पुरं झालं त्या दिवशी तो घरी आला तो बूट न काढताच स्वयंपाकघरात आला. मला समजावून सांगितल्याशिवाय त्याला राहवेना.

"अव्वा, आकडे सगळे एकदम जात नाहीत. रांगेत जातात. एकामागं एक, रेशनच्या रांगेसारखे. म्हणून त्याला सिरीयल म्हणतात."

"आणि एक आकडा कसा जातो?"

त्याने मांडणीतून चार वाट्या घेतल्या. "समज, वाण्याकडं चारच वजनं आहेत. एकाचं, दोनाचं, चाराचं आणि आठाचं. आता पाच तोलायचे तर?"

"चार आणि एक."

"सात?"

"चार, दोन, एक."

"आठ?"

"आठाचं एकटंच."

"नऊ म्हणजे आठ आणि एक. झालं. यंत्राच्या पोटात प्रत्येक आकड्याला अशा चार तारा आहेत. कुठल्या तारेत वीज आहे ते बघून आकडा ठरतो, मग तो रांगेत उभा राहून ऑफिसात जातो."

हे दारात उभे राहून ऐकत होते. "पलीकडून आकडे परत येतात का ताडायला?" यांनी विचारलं.

"नाही अप्पा. हा एकाच बाजूनं बोलतो. ऑफिस ऐकतं फक्त."

हे मान हलवून आत गेले. भीमाच्या चेहऱ्यावरचं तेज मात्र त्या दिवशी पाहण्यासारखं होतं. मला त्याची दृष्ट काढावीशी वाटली. त्याऐवजी मी जे केलं ते आता सांगायलाच हवं.

नव्या यंत्राला नारळ फोडलेला नाही, हे माझ्या मनाला लागून राहिलं होतं. गिरणीत जुन्या यंत्रांची दसऱ्याला पूजा होते, यंत्राला विभूती, हळदकुंकू, हार. हे यंत्र डिसेंबरात आलेलं, त्याला काहीच झालं नव्हतं. पाडव्याच्या सकाळी मी भीमाच्या हातात नारळ दिला.

"अव्वा, त्या जर्मन पुस्तकात लिहिलंय, पाणी जवळ आणू नका म्हणून."

"जर्मनांना पाडवा ठाऊक नाही. चार थेंबांनी काय होतंय?"

त्याने नेला. संध्याकाळी अर्धी वाटी घेऊन आला, मी तिची चटणी केली. जेवताना तो म्हणाला, की पंखा साफ करायला त्या दिवशी कपाटाचं वरचं झाकण काढलेलं होतं, नारळ कपाटाच्या कोपऱ्यावर फोडला तेव्हा थोडं पाणी आत तारांच्या पट्टीवर पडलं, फडक्याने पुसून घेतलं. मी म्हटलं, "देवाचंच पाणी आहे." तेव्हा मी हे इतक्या सहज बोलले.

त्या टेलिप्रिंटरला कार्बन लावलेला दुहेरी कागद असतो. वरची प्रत ऑफिसच्या फाइलीत जाते. खालची रद्दीत टाकायची, ती भीमा घरी आणतो, कारण तिची मागची बाजू कोरी असते आणि मला लिहायला कागद लागतात. माझी पत्रं, किराण्याच्या याद्या, सगळं त्या गुंडाळ्यांच्या पाठीवर असतं. आत्ता हे लिहिते आहे तेही त्यावरच.

आता गोष्टीतला दुसरा माणूस. रंगखात्यात कल्लप्पा नावाचे जॉबर आहेत, म्हणजे पाळीवरच्या कामगारांचे मुकादम. अक्कलकोटकडचे, वय पंचावन्नच्या आसपास, सव्वीस वर्षं त्याच खात्यात. भीमा नोकरीला लागला तेव्हा तिथल्या वाफेत, घसरड्या फरशीवर कसं चालायचं हे त्याला त्यांनी शिकवलं. भीमा त्यांना मामा म्हणतो. गडद तांबडा रंग सगळ्यांत अवघड, त्याला अठ्ठ्याहत्तर डिग्रीवर पाऊण तास धरावं लागतं, म्हणून ते काम नेहमी कल्लप्पांच्या पाळीला देतात. बाकीचे रंग पासष्टवर होतात, ते कुणीही करतं.

या महिन्यात बार्शीच्या एका व्यापाऱ्याने तांबड्या चादरींचे दोन गठ्ठे परत पाठवले. धुतल्यावर रंग जातो म्हणून. मॅनेजरसाहेबांनी एप्रिलपासूनचे कागद काढून बघितले. इतरांच्या पाळीचे आकडे ठीक, चौसष्ट, पासष्ट, सहासष्ट. कल्लप्पांच्या पाळीत मात्र सत्तर, एकाहत्तर, मध्येच सत्त्याहत्तर, पुन्हा सत्तर. साहेबांनी निष्कर्ष काढला, की हा माणूस हाताने वाफ बंद करून झोपतो आणि जाग आली की पुन्हा सोडतो. कल्लप्पांना आठ दिवसांपासून घरी बसवलं आहे. तेव्हापासून तांबडा रंग बंद होता, तो आज रात्री दुसऱ्या पाळीकडून पुन्हा सुरू होणार आहे. उद्या दहा वाजता चौकशी आहे. त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणजे तो कागद, आणि कागद खरा आहे असं सांगणारा साक्षीदार माझा मुलगा. यंत्र तपासलं, चालू स्थितीत आहे, असं त्याने लिहून दिलं आहे. एक जूनला त्याला कायम केल्याचं पत्र मिळणार आहे.

हे सगळं मला जेवताना तुकड्यातुकड्यांनी कळलं. मी काय म्हणाले तेही लिहिते. मी म्हटलं, माणूस खोटं बोलेल, यंत्राला काय पडलंय? कल्लप्पा पीत असतील, असंही म्हणाले. भीमाने मान खाली घातली, भाकरी संपवली आणि ताट उचलून मोरीत गेला.

आज संध्याकाळी कल्लप्पा घरी आले. मी दार उघडलं, पण पुरतं नाही.

"भीमाशंकर हाय का घरात, अक्का?"

"आंघोळीला गेलाय."

"दुसऱ्यांदा?" कल्लप्पा म्हणाले. "दुपारी मिलच्या नळावर आंघोळ करत हुता म्हणून सांगितलं की गड्यांनी. बसतो मी. उन्हाळ्यात लागतोय येळ."

ते ओट्यावर बसले. हातातली कापडी पिशवी त्यांनी माझ्याकडे सरकवली. मला लगेच संशय आला.

"हे कशाला आणलंत?"

"गावाकडच्या शेंगा हायत. लाच न्हाय. लाच द्यायची असती तर काजू आणलं असतं की."

"न्या परत. चौकशी होईपर्यंत आमच्या घरात काही नको."

"बरं." पिशवी त्यांनी स्वतःच्या पायाशी ओढली. मी जरा पुढे वाकले होते ते त्यांच्या लक्षात आलं. "वास घेताय व्हय? घ्या. रंगाचा येतोय. बायको बी हेच म्हणती, सव्वीस वर्सं झाली, गड्याला धुतलं तरी रंग जात न्हाय. आन् साहेब म्हणतोय, कल्लप्पाचा रंग जातोय."

मला हसू आलं नाही. मी म्हटलं, "कल्लप्पाण्णा, तुम्ही काम नीट केलं असेल तर भ्यायचं कशाला? कागदावर छापलंय ते खोटं कसं असेल?"

"कागदावर हाय म्हणून मी खोटा, व्हय की न्हाय? एक सांगा. चुलीपाशी तुमी बसता. भात शिजला का न्हाय ते तुमी बघता. आन् रस्त्याच्या पल्याडचा माणूस म्हणतोय, मला हितनं कच्चा दिसतोय. तुमचं ऐकायचं का त्याचं?"

"पण तो माणूस पीत नाही."

"मी तरी कुटं पितोय?" असं म्हणून त्यांनी उजवं मनगट पुढे केलं. त्यावर एकही केस नव्हता, कातडी तांब्याच्या भांड्यासारखी झाली होती. "हा हात टाकीवर धरतोय मी. काटा नव्हता तवापासनं. आता काटा हाय, तर काटा बगतोय. काट्यावर अठ्ठ्याहत्तर असतंय अक्का. हापिसात सत्तर जातंय. सत्तरला हा रंग धरत न्हाय, हे मला म्हाईत न्हाय व्हय? रंगाचं पिंपच या खेपेला नव्या ठिकाणचं आलंय, मी पयल्या दिवशी साहेबाला म्हणालो. पर माझं तोंड, त्याला कोण विचारतंय? कागद छापील हाय."

ते बोलत होते आणि आत न्हाणीघरात तांब्याचा आवाज येत होता. एकदा तांब्या वाजायचा, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा एकदा. कल्लप्पाही ऐकत होते. ते उठले आणि तिकडे तोंड करून म्हणाले, "भीमाशंकर, पाणी गार झालं असंल की रे. ये भाईर. मी मारत न्हाय."

आत तांब्या पुन्हा एकदा वाजला.

"त्याला एवढंच सांगा," जाताना ते मला म्हणाले. "उद्या साहेब विचारतील तवा त्यानं काट्याकडं बगून बोलावं. कागदाकडं बगून न्हाय." आणि पिशवी त्यांनी पायरीवरच ठेवली. मी हाक मारली तरी मागे वळून पाहिलं नाही.

पाच मिनिटांनी भीमा बाहेर आला. त्याचे केस कोरडे होते.

जेवला, ताट घासलं, डबा घेतला आणि दहाच्या सुमाराला रात्रपाळीला गेला. या आठवड्यात त्याची दिवसपाळी आहे. मी विचारलं तर म्हणाला, बदलून घेतली. चौकशीच्या आदल्या रात्री पाळी कोण मागून घेतं? आणि का?

हे गच्चीवर झोपले आहेत. मी खाली दिवा लावून बसले. भीमाबद्दल मनात जे आहे ते लिहून काढावं म्हणजे डोकं हलकं होईल, असं वाटलं. इथवर येईपर्यंत हातातला कागद संपत आला, म्हणून फडताळातून दुसरी गुंडाळी काढली. ती उलटी उलगडली गेली आणि छापील बाजू वर आली. वरच्या टोकाला ऑफिसातल्या कारकुनाने निळ्या पेन्सिलीने तारीख आणि पाळी घातलेली होती, सतरा मे, रात्रपाळी, कल्लप्पा. पहिली ओळ, टाकी तीन, तापमान वीस. पाच मिनिटांनी एकवीस.

मी पुढे लिहायला घेतलं, पण ते वीस डोळ्यांसमोरून हलेना. मे महिन्यात, सोलापुरात, टाकीत नुकतं भरलेलं पाणी वीस डिग्री? आमच्या माठातलं पाणी इतकं गार नसतं. हे पाणी गिरणीच्या विहिरीचं, ते बारमाही कोमट असतं असं भीमाच सांगतो. वाफेची गोष्ट सोडा, तोपर्यंत वाफ सुरूही झालेली नसते. कल्लप्पांनी झोपून पाणी गार कसं केलं?

कॉलेजात माझा तर्कशास्त्र विषय होता. त्याचा संसारात उपयोग झाला असं म्हणता येणार नाही. पण मी ती गुंडाळी जमिनीवर पसरली आणि पट्टी ठेवून एकेक ओळ वाचत गेले. वाचता वाचता आणखी काहीतरी खटकत होतं, ते काय हे कळायला पाव तास लागला. त्या सबंध रात्रीच्या कागदावर आठ हा आकडा कुठेच नव्हता. नऊही नव्हता. सात होता, सहा होता, शून्य आणि एक तर हवे तेवढे होते.

मग मी सगळ्या गुंडाळ्या काढल्या. मेच्या, एप्रिलच्या, दिवसपाळीच्याही. आठ नाही, नऊ नाही. मार्चच्या गुंडाळीवर मात्र पहिलीच ओळ, तापमान अठ्ठावीस. खाली सत्त्याहत्तर, अठ्ठ्याहत्तर, अठ्ठ्याहत्तर, एकोणऐंशी. कल्लप्पांचीच पाळी, तोच रंग. पाडव्याच्या आधीचा कागद.

मला उठून मांडणीतल्या वाट्या घ्याव्या लागल्या नाहीत. आठाचं वजन हरवलं, की आठ तोलायला काहीच उरत नाही, शून्य येतं. नऊच्या जागी नुसतं एक उरतं. अठ्ठ्याहत्तरचे सत्तर होतात, एकोणऐंशीचे एकाहत्तर. सत्त्याहत्तर मात्र सुखरूप पोहोचतात, कारण सातात आठाचं वजन लागत नाही. चार तारांपैकी शेवटची तार तुटली आहे, किंवा गंजली आहे. पासष्टवाल्यांना याचा काही त्रास नाही. फक्त ज्या माणसाला अठ्ठ्याहत्तर राखायला सांगितलं आहे, तो जितकं चोख राखेल तितका कागदावर झोपाळू दिसेल.

आणि त्या पट्टीवर पाणी कशाचं पडलं ते मला ठाऊक आहे. तो नारळ मी दिला होता.

इथपर्यंत मला स्वतःचीच लाज वाटत होती, पण भीमाचा संशय नव्हता. त्याला हे सुचलंच नसेल, असं मी मानून चालले होते. गुंडाळ्या परत गुंडाळताना सतरा मेची गुंडाळी दिव्याच्या बाजूला तिरकी झाली आणि त्या पहिल्या वीसच्या शेजारी समासात पेन्सिलीची खूण दिसली. खोडलेली, पण दिसते. चार उभ्या रेघा. शेवटच्या रेघेवर फुली.

रेघा भीमाच्या आहेत. सतरा मेच्या रात्रीचा कागद तो अठराला घरी घेऊन आला. तेव्हापासून मी दिवस मोजले. अकरा.

म्हणजे त्याला ठाऊक आहे. कल्लप्पांना घरी बसवलं त्याच्या आधीपासून ठाऊक आहे. तरी त्याने लिहून दिलं, यंत्र चालू स्थितीत आहे. तेही खरंच. यंत्र चालूच आहे.

मी फडताळाच्या खालच्या कप्प्यात बघितलं. तारा डाखण्याची त्याची स्वतःची बारीक सळी तिथे असते. ती नाही. आज तो डब्याच्या पिशवीतून ती घेऊन गेला आहे. गिरणीत मोठी आहे, पण ती स्टोअरमधून मागून घ्यावी लागते आणि वहीत सही करावी लागते.

तर तो आज रात्री ती तार जोडणार. शेंगदाण्याएवढंही काम नाही. सकाळी कागदावर अठ्ठ्याहत्तर येईल, आणि दहा वाजता साहेब म्हणतील, बघा, कल्लप्पा नसला की कागद कसा सुधारतो. भीमा खाली बघेल. तो खोटं बोलणार नाही. त्याला कुणी विचारणारच नाही. नारळ कुणी फोडला, झाकण कुणी उघडं ठेवलं, हे विचारायचं साहेबांना सुचणार नाही. एक जूनला पत्र येईल. आणि मग आयुष्यभर तो माझ्या घरात ताट घासत राहील.

की तो ती जोडून उद्या स्वतःच सगळं सांगणार आहे, म्हणून पाळी मागून घेतली? हे मला मानायचं आहे. पण चोवीस वर्षं मी त्याला ओळखते. घड्याळाचं त्याने स्वतः सांगितलं नाही, रेडिओचं नाही, नापास झाल्याचं नाही. प्रत्येक वेळी मलाच शोधून काढावं लागलं.

गच्चीवर जाऊन यांना उठवलं, तर हे अंगात सदरा घालून या क्षणी साहेबांच्या बंगल्यावर जातील. यांच्या हिशोबी तेच बरोबर आहे. कदाचित आहेही. पण मग कबुली बापाची होईल, मुलाची नाही. साहेबांना मी स्वतः फोन केला तरी तेच. आणि काहीच केलं नाही, तर कल्लप्पांनी सव्वीस वर्षं टाकीवर धरलेला हात उद्या दुपारी त्यांच्याकडे रिकामा परत येईल, आणि ओट्यावर त्यांच्या शेंगा असतील.

मार्चची एक आणि सतरा मेची एक अशा दोन गुंडाळ्या मी वेगळ्या बांधल्या आहेत. दहा वाजता मी त्या घेऊन गिरणीच्या फाटकात उभी राहणार, हे ठरलं. त्याच्या आधी त्याला एक संधी द्यायची. आत्ताच, तारेला हात लागायच्या आत.

गिरणीच्या टाइम ऑफिसचा नंबर फोनखालच्या वहीत यांच्या अक्षरात आहे. फोन उचलणाऱ्याला मी म्हणेन, रंगखात्यातल्या भीमाशंकरला बोलवा, त्याची आई बोलते आहे. तो धावत येईल, अप्पांना काही झालं की काय म्हणून. मी त्याला विचारणार नाही, की तुला ठाऊक होतं का. त्यावर तो गप्प बसेल. मी म्हणेन, भीमा, नारळ मी दिला होता, हे उद्या मी साहेबांना सांगणार आहे, आणि कागद माझ्यापाशी आहेत. ती तार आहे तशी राहू दे, साहेबांनी डोळ्यांनी बघेपर्यंत. आणि आता टाकीपाशी जा, काट्यावर काय दिसतंय ते बघून ये, आणि मला वाचून दाखव. मग ऑफिसातला कागद बघ, आणि तोही वाचून दाखव. दोन्ही आकडे, अप्पा ताडायचे तसे. त्याच्या तोंडून एकदा ते बाहेर पडू दे, मग दहा वाजता दुसऱ्यांदा बोलणं त्याला एवढं जड जाणार नाही.

तो जाऊन येईपर्यंत मी फोन धरून ठेवीन. लागला पाऊण तास तरी चालेल. वही काढली आहे, नंबर सापडला आहे. हा कागद इथेच ठेवते आणि फोन करते.